पन्नासपैकी अकरा

२ ऑगस्ट, शुक्रवार

आन्स मोरेल गावच्या पतसंस्थेच्या सामाजिक निधी समितीची सचिव म्हणून आज माझं नाव एकमताने मंजूर झालं. समितीत आम्ही तिघंच, त्यातल्या एकाला ऐकू कमी येतं. तरी एकमत ते एकमतच. छत्तीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, गावातले निम्मे कान माझ्या हातून पिळून निघालेत. कोण कसा आहे हे मला कुणी सांगायला नको. आमचे अध्यक्ष लेस्ट्रेडसुद्धा माझेच विद्यार्थी. भागाकारात कायम कच्चे.

ही वही त्यासाठीच घातली. समितीचं इतिवृत्त सगळ्यांनी वाचायचं असतं. इथे मात्र खरं तेच लिहायचं.

यंदाचं मोठं काम छपराचं. नफ्यातला काही वाटा पतसंस्था दर वर्षी गावासाठी काढते. शाळेची दप्तरं, क्रिकेटवाल्या पोरांचे शर्ट, नाताळच्या शिध्याची पिशवी. दोन वर्षांपूर्वी बेटावर वादळ होऊन गेल्यापासून त्यात एक छप्परही असतं. एकच. लाकूड, पत्रे, खिळे पतसंस्थेचे आणि मेहनत गावाची. आठ अर्ज आले होते, सहा आजच बाद केले. उरले दोन. एक डोंगराच्या पायथ्याचा ह्यूबर, ज्याची बायको गेली आणि रमची बाटली राहिली. दुसरी माझी शेजारीण ओझेलिया. सगळं गाव तिला मानाने मा ओझेलिया म्हणतं. मी म्हणत नाही, आम्ही एका बाकावर बसलेल्या.

तिच्या घरावर दोन वर्षं निळी ताडपत्री आहे. तिच्याखाली तिचा नवरा सिल्वेर डावं अंग लुळं पडून खाटेवर. छाती ओली राहिली तर हा माणूस जगणार नाही, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलंय. म्हणजे ऑक्टोबरचा पाऊस लागायच्या आत छप्पर व्हायला हवं. तिच्या अर्जावर हे मी माझ्या अक्षरात लिहून दिलं, कारण तिचं अक्षर कुणाला लागत नाही. तेव्हा माझ्या मनात काही आहे असं कुणी म्हणू नये.

५ ऑगस्ट

ओझेलियाला निरोप द्यायला गेले. सोळा तारखेला शहरातून पतसंस्थांच्या महासंघाची बाई येणार, दोन्ही घरं बघणार, मग ठरणार. ती दारात बसून पतसंस्थेचा कापडी फलक शिवत होती. तो तिनेच चाळीस वर्षांपूर्वी केला. ती संस्थापक सभासद, पासबुक क्रमांक नऊ. हे ती कुणाला सांगत नाही, पण फलक दुरुस्तीला दुसऱ्या कुणाला देतही नाही.

तिची एक खोड आहे. शिवण असो, क्रोशाचं काम असो, शेवटची गाठ लाल दोऱ्याची. शाळेत असल्यापासून. शिवणकामाचं बक्षीस तिला अशाच लाल गाठीच्या रुमालावर मिळालं होतं, मला उत्तेजनार्थ.

"कुणी बघतं का ती गाठ?" मी म्हटलं.

"नाही बघत. पण काम कुठे संपलं ते आपल्याला ठाऊक असावं, टीचर. ती सुटली की मागचं सगळं सुटतं."

आतून सिल्वेरची शीळ ऐकू येत होती. तोंड वाकडं झालंय तरी शीळ सुटलेली नाही. नेहमीची तीच, सेंट पीटरच्या सणाला नाचाची चाल वाजते ती. ज्या वर्षी त्याने केळ्यांचा ट्रक घेतला, त्या सणाला मी पिवळ्या चौकड्यांच्या मद्रास कापडाचा झगा घातला होता. तो आमच्या दोघींच्या समोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. ओझेलियासमोर. बरंच झालं. ट्रकवाल्याशी माझं काय जमणार होतं.

घराकडे नजर टाकली. टेबलावर प्लास्टिकची गोणी कापून अंथरलेली, कपाला कान नाही, खिडकीला पडदा नाही.

"शहरातली बाई येणार आणि हे असं?" मी म्हटलं. "गल्लीची अब्रू जाईल."

"होतं ते वाऱ्याने नेलं, टीचर."

"मग माझं घेऊन जा."

आन्स मोरेलात परक्यासमोर फाटकं दाखवायची रीत नाही. फादर घरी येणार, मुलीला मागणी येणार, कुणी मेलं, की खुर्च्या, कप, चादरी या घरातून त्या घरात जातात. घेणाऱ्याला लाज नसते आणि देणाऱ्याने बोलून दाखवायचं नसतं. मीही बोलून दाखवत नाहीये, फक्त लिहून ठेवते.

९ ऑगस्ट

ओझेलिया सामान न्यायला आली. सहा कप, सहा बश्या, दोन पडदे. मग मी आईची पेटी उघडून क्रोशाच्या लेसचा टेबलक्लॉथ काढला. आईने तो माझ्या लग्नासाठी खास शेजारच्या मार्टिनिक बेटावरून मागवला होता. लग्न झालं नाही, ते असो. कापराच्या गोळ्या घालून ठेवलाय. एका कोपऱ्यावर आईने पांढरी फीत शिवली आहे, आणि ती काढू नकोस असं मला बजावलं होतं.

ओझेलियाने तो हातावर घेतला, कडेकडेने बोटं फिरवत फितीपर्यंत आली आणि थांबली. बराच वेळ.

"हा कुठला म्हणायच्या तुमच्या आई?"

"मार्टिनिकचा. तिथल्या दुकानातला."

"हां. मार्टिनिकचा," ती म्हणाली आणि हसली. गरीब माणसाला भारी वस्तू हातात आली की असंच होतं. मी म्हटलं, फितीला हात लावू नकोस. नाही लावणार म्हणाली.

१४ ऑगस्ट

शहरातून टपाल आलं. वर 'गोपनीय' असा शिक्का, आत 'गरज-पत्रक', एकूण गुण पन्नास. जेवढं कमी तेवढे गुण जास्त. खिडकीला पडदे नसतील तर पाच. धड कपबश्या नसतील तर पाच. टेबलावर कापड नसेल, भिंती घाण असतील, छतातून आभाळ दिसत असेल, आजारी माणूस उठू शकत नसेल, सगळ्याचे वेगवेगळे गुण.

मी तीनदा वाचलं. म्हणजे ज्याने घर आवरलं तो बुडाला.

ओझेलियाला आत्ता जाऊन सांगितलं तर? पन्नास पावलांवर घर. पण कागद गोपनीय आहे. सचिवानेच पहिल्या महिन्यात फोडला तर लोक काय म्हणतील? शेजाऱ्याचं साधून घेतलं म्हणतील. शिवाय पडदे काढ म्हटलं तर तिला वाटेल मी दिलेलं परत मागते आहे. आणि ह्यूबरवर अन्याय होईल तो वेगळाच. परीक्षेचा पेपर आधी फोडणाऱ्या मास्तराला मी स्वतः शाळेतून घालवला होता.

जेवण गेलं नाही. खाऱ्या मासळीला आज खवट वास येत होता.

१५ ऑगस्ट

मारियेचा सण. चर्चमधल्या मिस्सेनंतर ओझेलिया आपणहून जवळ आली. "सगळं तयार आहे, टीचर. एकदा येऊन बघून जा ना." मी म्हटलं, समितीच्या माणसाने आधी जाणं बरं नाही. ती म्हणाली, "तेही खरंच." मला सांगायचं होतं. पण मागे फादर उभे होते.

१६ ऑगस्ट

मिस डर्वेल नावाची ती बाई चाळिशीची, उंच टाचांचे बूट घालून चिखलात आलेली. आधी ह्यूबरकडे गेलो. कोंबड्या खाटेवर, बाटल्या खाटेखाली, छताच्या जागी आभाळ. तो आम्ही येणार हेच विसरला होता आणि लेंग्याची नाडी बांधत बाहेर आला. "या, बसा," म्हणाला, पण बसायला काही नव्हतं. मिस डर्वेल भराभर लिहीत होती.

मग ओझेलियाकडे. फरशी लाल मेण लावून घासलेली, माझे पडदे, टेबलावर माझी लेस, माझ्या कपांत कोको, नारळाचा केक. वर बघितलं तर ताडपत्री दिसेचना. तिने पिठाच्या धुतलेल्या पिशव्या जोडून पांढरं शुभ्र छत शिवलं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि सिल्वेर खाटेवर नव्हता. दाढी करून, पांढरा सदरा घालून टेबलापाशी खुर्चीत बसवला होता. घसरू नये म्हणून कमरेला मद्रास कापडाच्या पट्ट्याने खुर्चीला बांधलेला, वरून सदऱ्याने झाकलेला. मिस डर्वेलला ते दिसलं नाही. मला दिसलं.

"तब्येत छान आहे हो तुमची," मिस डर्वेल त्याला म्हणाली. त्याने उजव्या हाताने तिला सलाम केला.

"आणि ही लेस. किती सुंदर. विकतची?"

"नाही, माझ्या हातची," ओझेलिया म्हणाली. माझ्याकडे न बघता.

माझ्या आईची वस्तू, माझ्या लग्नाची, आणि माझ्या तोंडावर ही बाई तिला आपली म्हणते. मी कोको खाली ठेवला.

परत जाताना गाडीत मिस डर्वेलने विचारलं, "टीचर, तुम्ही शेजारीच राहता. सामान तिचंच ना? गावात लोक मागूनही आणतात. तसं असेल तर सांगा, मी खोडून नव्याने लिहीन."

"ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली ना आपलं म्हणून," मी म्हटलं. "मी सभासदाला खोटं पाडू का?"

मिस डर्वेलने टोपण लावून पेन पिशवीत टाकलं.

१७ ऑगस्ट

ह्यूबर फेलिक्स, त्रेचाळीस. ओझेलिया हिपोलिट, अकरा. मी खाली सही केली. बेरीज दोनदा तपासली, बरोबर आहे.

२९ ऑगस्ट

संचालक मंडळाने शिक्कामोर्तब केलं. ओझेलियाला मीच सांगितलं, पत्राने कळवणं मला बरं दिसेना.

"किती?" ती म्हणाली.

"पन्नासपैकी अकरा."

"ह्यूबरला?"

"त्रेचाळीस."

"त्याने काय केलं होतं?"

"काही नाही."

तिने वरच्या पांढऱ्या छताकडे बघितलं. मग म्हणाली, "चांगलं झालं. त्यालाही कुणी नाही." टेबलक्लॉथवर कोकोचा डाग पडलाय, कडक ऊन पडलं की धुवून देते म्हणाली. सामानाबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. मला वाटलं होतं विचारील. उत्तर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं.

१२ सप्टेंबर

ह्यूबरच्या छपराची इर्जिक. चाळीस माणसं आली, वाशांवर वासे चढले, दुपारपर्यंत पत्रे लागले. मी हजेरी लिहीत होते. ओझेलियाने सगळ्यांसाठी अळूचं फदफदं आणि नीरफणस उकडून आणला होता. तिला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या छपराखाली उभी राहून वाढत होती, आणि वाढताना ह्यूबरला म्हणाली, "पहिला पाऊस पडला की मला बोलाव. आवाज ऐकायला येते. पत्र्यावरचा पाऊस ऐकून दोन वर्षं झाली."

ह्यूबरला ते लागलं. पिता पिता थांबला. पुढे पुन्हा प्यायला, तो भाग वेगळा.

अध्यक्षांनी फोटो काढवून घेतला. मी मधोमध आले आहे.

२७ सप्टेंबर

सकाळी खिडकी उघडली तर डोळ्यांवर चमक आली. ओझेलियाच्या ताडपत्रीवर सहा नवे कोरे पत्रे, बरोबर सिल्वेरच्या खाटेच्या वर, दगड ठेवून दाबलेले. प्रत्येकाच्या कडेला पतसंस्थेचा लाल शिक्का.

तडक ह्यूबरकडे गेले. त्याच्या स्वयंपाकघरावर पत्रा नाही.

"धूर जायला बरं पडतं, टीचर," तो म्हणाला.

"पतसंस्थेची मदत दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. तू अंगठा केलायस."

"विकले कुठे? कोंबड्या भिजल्या तर पंख झटकतात. पा सिल्वेरला झटकता येत नाही."

प्यालेला माणूस, त्याच्याशी काय बोलायचं. तिथून पतसंस्थेच्या व्यवस्थापकाकडे गेले. गार्विन, हाही माझाच विद्यार्थी. त्याने कपाळावर हात मारला. "टीचर, जाऊ द्या ना. कुणाला दिसलं नाही समजा."

"मला दिसलं. सोडून दिलं असं लिहून दे, मी जाते."

त्याने लिहून दिलं नाही. लिहून देत नाही म्हणजे त्यालाही पटलं.

मनात शंका आली नाही असं नाही. वाटेत आलीच. पण आज सहा पत्रे, उद्या अख्खं छप्पर. नियम एकासाठी वाकवला की दुसऱ्यासाठी मोडावा लागतो. आणि निर्लज्जपणा बघा, माझ्या खिडकीसमोर लावले.

१ ऑक्टोबर

पत्रे उतरवले. गार्विन स्वतः आला होता, खाली मान घालून. ओझेलियाने शिडी धरली. "सांभाळून, बाळा, वरची फळी कुजलीय," असं त्याला सांगत होती. पत्रे काढताना ताडपत्री दोन ठिकाणी फाटली. तिने लगेच सुई-दोरा काढला. ताडपत्री शिवून काय होणार, तरी शिवत होती.

माझ्याकडे तिने बघितलं. रागाने नाही. शाळेत माझं गणित चुकायचं आणि मी ते खोडून खोडरबर लपवायचे, तेव्हा बघायची तसं.

९ ऑक्टोबर

तीन दिवस पाऊस. नदीचं पाणी पुलाला लागलं. शेजारचं पांढरं छत पोटासारखं खाली आलंय, इथून दिसतं. ओझेलिया काठीने ढोसून पाणी बादलीत पाडते. सिल्वेरची शीळ येते, पण मध्येच खोकला येऊन तुटते, आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो. शेवटपर्यंत एकदाही गेला नाही. अर्धवट चाल ऐकून डोकं उठतं. खिडकी लावून घेतली.

मी त्याला माझ्या घरी आण म्हणू शकले असते. खालची खोली रिकामी आहे. पण आजारी माणूस एकदा आला की कधी जाणार हे कोण सांगणार, आणि लोकांची तोंडं कोण धरणार.

११ ऑक्टोबर

अळूचं पाणी करून ओझेलियाच्या दाराशी ठेवून आले. भांडं घासून परत आलं.

१४ ऑक्टोबर

आज शीळ नाही. सकाळी दहाला चर्चची घंटा झाली.

न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. वयही होतंच.

१५ ऑक्टोबर

भेटायला गेले. माझा टेबलक्लॉथ अजून तिच्या टेबलावर, त्यावर मेणबत्त्या. विचारलंसुद्धा नाही. मी काही बोलले नाही, प्रसंग तसा नव्हता. सिल्वेरला पांढरा सदरा घातला होता, तोच. आता बांधायची गरज नव्हती.

१७ ऑक्टोबर

पतसंस्था दिन. ओझेलिया नव्हती, तिचा फलक होता. अध्यक्ष लेस्ट्रेड छान बोलले. "बँक तुमची पत बघते, आम्ही तुमचं घर बघतो," म्हणाले. टाळ्या पडल्या. मग निःपक्षपाती सेवेबद्दल मला मानपत्र दिलं. ह्यूबरला आभाराचे दोन शब्द बोलायला उभा केला. तो माईकसमोर नुसता उभा राहिला. शेवटी गार्विनने त्याला खाली नेलं. लोक म्हणाले, भारावला.

१९ ऑक्टोबर

सिल्वेरचं दफन, मुलगी ग्वाडलूपहून येईपर्यंत थांबलेलं. पतसंस्थेने काही कमी पडू दिलं नाही, हे मान्य करायला हवं. पेटी, फुलांचं चक्र, गाणाऱ्या मंडळींना शर्ट. पावसात पेटी भिजू नये म्हणून वर मांडव धरला होता, त्यावर पतसंस्थेचं नाव. कबरीवर त्याच दिवशी सिमेंटची फरशी बसवली. सगळा खर्च सामाजिक निधीतून, तीन सह्यांनी, मी पहिली सही केली.

ह्यूबर माझ्या मागेच उभा होता. फरशी बसली तसा हळूच म्हणाला, "आता नाही गळायचं."

दारूचा वास येत नव्हता त्याला आज. म्हणून जास्त राग आला.

५ नोव्हेंबर

गार्विन सांगत आला, पुढच्या वर्षीचं छप्पर मा ओझेलियाला. विधवा आणि एकटी, घर बघायचीही गरज नाही, गुण आपोआप चाळीसच्या वर जातात. मी म्हटलं, बघ, पतसंस्था कुणाला विसरत नाही. आम्ही दोघं मिळून सांगायला गेलो.

"कुणासाठी?" ओझेलियाने विचारलं.

"तुमच्यासाठी, मा."

"मला भिजलेलं चालतं, बाळा." तिने पासबुक त्याच्या हातात दिलं. "हे बंद कर. मुलीकडे चालले ग्वाडलूपला, पुढच्या बुधवारच्या बोटीने."

गार्विन रडला. क्रमांक नऊचं पासबुक त्याने खिशात ठेवलं. व्यवस्थापकाने सभासदासमोर रडणं बरं नव्हे, हे मी त्याला वाटेत सांगितलं. 

१२ नोव्हेंबर

ओझेलियाने सामान आणून दिलं. कप, बश्या, पडदे, इस्त्री करून घडी घातलेला टेबलक्लॉथ.

"मोजून घ्या, टीचर."

"मोजायचं काय त्यात," मी म्हटलं आणि मोजले. बरोबर होते.

"डाग निघाला," ती म्हणाली. "पण धुताना तुमच्या आईची फीत सुटली. कुजली होती. तिच्याखाली गाठ आहे, ती जपा."

एवढंच बोलली. मी म्हटलं, सांभाळून जा. ती म्हणाली, "तुम्हीही, टीचर. एकट्या आहात." हे बोलायची काही गरज नव्हती.

ती गेल्यावर घडी उलगडली. फितीच्या जागी कोपऱ्यात लाल गाठ.

तर हे असं आहे. तीन महिने माझी वस्तू वापरली, परक्या बाईसमोर आपली म्हटली, आणि जाता जाता आपली खूण घालून गेली. गाठीचा रंग विटका आहे, पन्नास वर्षांची असावी इतका, पण ते ती मुद्दाम जुना दोरा वापरून करू शकते. हातात कला आहे तिच्या, ते मी कधी नाकारलेलं नाही.

कात्री घेतली आणि गाठ कापून टाकली.

१४ नोव्हेंबर

बुधवारची बोट काल गेली. आज कडक ऊन होतं, म्हणून टेबलक्लॉथ पुन्हा एकदा स्वतः धुतला आणि दोरीवर टाकला. वारा होता. चहा घेऊन परत आले तर त्या कोपऱ्यापासून कड सुटलेली, दोरा अंगणभर पसरलेला. धरायला गेले तर आणखी एक ओळ सुटली. चिमट्याने दाबून धरलं आणि सुई आणली. पण हा दोरा कुठल्या फाशात घालायचा ते मला कळेना. गावात कुणाला विचारावं असं मनात आलं. क्रोशाचं काम येणारी एकच होती.

संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त उसवला. समोर ओझेलियाचं घर उघडंच आहे. ताडपत्री ह्यूबर घेऊन गेला, आतलं पांढरं छत वाऱ्यावर हलतं आहे.

दोरा गुंडाळून आईच्या पेटीत ठेवला. त्या मार्टिनिकच्या दुकानदाराने आईला फसवलं, दुसरं काही नाही. या वहीत खरं तेच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहून ठेवते.